पुढच्याला हात लावायचा नाही

मित्रांनो, मी एका जुन्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक आहे, आणि मी आजवर कुणालाही पाडलेलं नाही. ओळख करून देताना इतर मंडळी नाव सांगतात, वय सांगतात. मला आधी आरोप फेटाळावा लागतो.

पुष्कळांना वाटतं, मी म्हणजे हँडलवरची ती दांडी. चूक. दांडी हे फक्त माझं डोकं. तिथून एक काळी केबल खाली उतरते, ती माझी मान. जरा लांब आहे, मान्य. आणि पुढच्या चाकाच्या मधोमध जो पातेल्यासारखा ड्रम असतो, त्याच्या आत माझे दोन लायनर आहेत, ते माझे तळहात. खांदे मला नाहीत, त्यामुळे मी कशालाही खांदे उडवत नाही. तुम्ही दांडी दाबलीत की केबल ताणली जाते आणि मी चाकाला आतून मिठी मारतो. मिठी मारून थांबवणं हा माझा व्यवसाय. इतका प्रेमळ व्यवसाय करून इतकी बदनामी वाट्याला आलेला दुसरा कुणी मला अजून भेटलेला नाही.

कारखान्यात माझं कौतुक झालं होतं. तिथल्या तपासनिसाने गाडी पळवली, मला दाबलं, गाडी थांबली. त्याने मान डोलावली आणि पुढच्या गाडीकडे गेला. आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. दुसरं मिळेपर्यंत माझ्यावर गंज चढला.

मी ज्यांच्या घरी गेलो ते काका पंखे दुरुस्त करायचे. जळलेल्या पंख्याची तार उलगडून नवी गुंडाळण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तसा माझा हातसुद्धा ते नीटच धरायचे, सुरुवातीला. मग तो अपघात झाला.

तो कसा झाला हे मी सांगतो, कारण मी तिथे होतो आणि मला गोष्ट रंगवायची सवय नाही. काका दुरुस्त केलेला पंखा पोचवायला निघाले होते. पंखा पात्यांसकट मांडीवर, डावा हात पंख्याच्या दांड्याभोवती, उजवा हात गाडीवर. म्हणजे गाडी चालवायला एकूण हात एक. वळणावर एका घराचं बांधकाम चाललं होतं आणि वाळू रस्त्यावर पसरली होती. समोरून एक बाई बादली घेऊन आली. काकांनी हँडल वळवलं आणि वळलेल्या हँडलनिशी, वाळूवर, मला अख्ख्या मुठीने आवळलं. चाक घसरलं, गाडी आडवी झाली आणि काका वाळूच्या ढिगावर जाऊन बसले. कोपर खरचटलं. पंख्याचं एक पातं वाकलं. संपली गोष्ट.

पण गोष्ट काकांनी संपू दिली नाही. घरी ती "पुढचा दाबला आणि पडलो" अशी पोचली. दुकानात ती "पुढचा दाबला आणि हँडलवरून उडालो" अशी झाली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काका हवेत दोन कोलांट्या घेऊ लागले होते. एका आवृत्तीत गाडीही त्यांच्या मागोमाग उडून त्यांच्या अंगावरून गेली आणि पलीकडे स्वतःच्या स्टँडवर उभी राहिली. वाळू मात्र एकाही आवृत्तीत नव्हती. पंखा तर त्या गावचाच नव्हता.

मग घरात नियम झाला: पुढच्याला हात लावायचा नाही. काकांनी तो नियम दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पंख्याबरोबर फुकट दिला. आणि स्वतःचाही हात चुकून जाऊ नये म्हणून माझ्या दांडीवर एक जुना राखाडी मोजा चढवून वर दोरी बांधली. मोज्याला अंगठ्याच्या जागी भोक होतं. मी त्यातून जग पाहायचो.

मित्रांनो, कल्पना करा. तुम्ही गाडी थांबवायला जन्माला आलात आणि तुमच्यावर पिशव्या अडकवल्या जाताहेत. बटाटे, चपला, एकदा तर कुणाचा तरी एक्स-रे. सगळं काम मागच्या ब्रेकवर पडलं. त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, तो बिचारा पायाखालचा. झिजून झिजून तो पापडासारखा पातळ झाला. त्याला दर वेळी नवे लायनर मिळायचे. मला मोजा.

मी तेव्हाच ठरवलं होतं की गंजेन, पण गुन्हा कबूल करणार नाही.

काकांचे गुडघे दुखायला लागले आणि गाडी अंगणात उभी राहिली. त्याच सुमाराला त्यांच्या भावाची मुलगी कामासाठी त्यांच्याकडे राहायला आली. ती एका जागी बसत नसे, म्हणून तिला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. ती जेवतानासुद्धा दोन वेळा उठून खिडकीतून रस्ता बघून यायची. अशा मुलीला काम मिळालं तेही तसंच. एका बाईंची कवळ्या बनवणारी लॅब होती. दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या जबड्याचे प्लास्टरचे साचे लॅबमध्ये आणायचे आणि तयार कवळ्या परत पोचवायच्या. म्हणजे भिंगरी दिवसभर इतरांचे दात घेऊन गावभर फिरायची.

काकांनी गाडी दिली, दोन अटींवर. एक, हेल्मेट घालायचं आणि हनुवटीखालचा पट्टा लावायचा. दोन, पुढच्याला हात लावायचा नाही. काकांचं हे वैशिष्ट्य आहे. त्यांचं निम्मं नेहमी बरोबर असतं.

भिंगरीला गाडी चालवायला इतकं आवडायचं की ती हेल्मेटच्या आत गाणी म्हणायची. आवाज बरा नव्हता, पण हेल्मेट भक्कम होतं. फक्त थांबायची वेळ आली की गाणं बंद पडायचं. मागचा एकटा पुरत नसे. ती पाय दाबायची, मागचं चाक अडकून घसरायचं, गाडीचं शेपूट डावीकडे जायचं आणि मी मोज्यातून नुसता बघत बसायचो.

एक दिवस चौकात असंच शेपूट फिरलं आणि मागे बांधलेल्या साच्यांच्या डब्यात ठक्क असा आवाज झाला. लॅबच्या दारातच बाईंनी डबा उघडला.

"हे काय आहे?"

"खालचा जबडा," भिंगरी म्हणाली.

"ते मला कळतंय. डॉक्टर म्हणाले एक पाठवलाय. दोन कसे झाले?"

"ब्रेक लावला, बाई."

"अगं, त्या आजोबांचं माप परत घ्यायचं म्हणजे काय असतं ठाऊक आहे? ते आधी तोंड उघडत नाहीत, आणि उघडलं की बंद करत नाहीत. डॉक्टरांनी परवा त्यांच्या तोंडासमोर बसून डबा खाल्ला." बाईंनी दोन्ही तुकडे जोडून बघितले आणि पायरीवर ठेवले. "आणखी एक साचा फुटला ना, तर गाडीवर दुसऱ्या कुणाला तरी घालते आणि तुला आत प्लास्टर कालवायला बसवते."

प्लास्टर कालवणं हे काही वाईट काम नाही. पण ते बसून करायचं असतं, भिंतीकडे तोंड करून. भिंगरीच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिचा रस्ता सुटायला आता एकच जबडा फुटायचा बाकी आहे.

घरी आल्यावर तिने अंगणातच काकांना विचारलं, "काका, पुढचा थोडासा दाबला तर चालेल का?"

"थोडासा? मी थोडासाच दाबला होता. हवेत दोन कोलांट्या घेतल्या!"

काकू ओट्यावर वह्या तपासत बसल्या होत्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि चुकीचं उत्तर ऐकलं की त्यांना राहवत नसे. "आणि हातात पंखा होता, त्याचं काय?"

"पंख्याचा इथे काय संबंध?"

"माझ्या बहिणीचा पंखा, अहो. अजून एक पातं वाकडं आहे. चालू केला की तिचं कपाट सरकतं."

"ब्रेकचं बोलणं चाललंय. पंख्याचं नाही!"

"बरं. कोलांट्या घेताना पंखा कुठे धरला होता, तेवढंच विचारते."

काका आत गेले. भिंगरी माझ्याकडे बघत राहिली. आणि मित्रांनो, तिने दोरी सोडली. मोजा काढून पँटच्या खिशात घातला. मला उजेड सोसेना.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती मला घेऊन ट्रकांच्या वजनकाट्याच्या आवारात गेली. तिथे सुट्टीला कुत्रंही नसतं. तिने माझ्या केबलमध्ये तेल सोडलं. मग लॅबमधून आणलेला एक बाद झालेला जबडा उघड्या डब्यात उभा ठेवला, जमिनीवर स्वतःच्या रुमालावर दगड ठेवून खूण केली आणि सुरू झाली. खूण आली की ब्रेक लावायचा, उतरायचं, जबडा बघायचा. आडवा पडला असेल तर पुन्हा.

पहिल्यांदा तिने मला झटक्यात आवळलं. जबडा डब्यातून उडी मारून बाहेर आला आणि हसत पडला. ती मला मात्र हसली नाही, रागावलीही नाही. दुसऱ्यांदा तिने बोटं हळूच मिटली, लिंबू पिळताना बी फुटू नये अशी. आधी थोडं, मग जास्त. आणि तेव्हा तिला ते कळलं, जे कारखान्यातल्या माणसाला माहीत होतं.

बसला ब्रेक लागला की तुमचं नाक पुढच्या सीटवर आपटतं ना? गाडीचंही तसंच होतं. थांबताना सगळं वजन पुढे येतं. पुढचं चाक रस्त्याला घट्ट चिकटतं आणि मागचं हलकं होतं. हलक्या चाकाला कितीही धरा, ते घसरणारच. म्हणून थांबवायचं मुख्य काम माझं, आणि मागचा माझ्या जोडीला. मागच्यानेही त्या दिवशी सुटकेचा निःश्वास टाकला. थोडी धूळ उडाली, तीच.

दुपारपर्यंत ती तिथेच होती. हँडल सरळ असताना धर. वाळू, तेल, ओला रंग दिसला की तिथे पोचायच्या आधीच वेग उतरव. वळण दिसलं की वळणाच्या अगोदर धर आणि मग सोड. हे सगळं ती डब्यातल्या जबड्याशी मोठ्याने बोलत होती. शेवटी जबडा उभाच राहिला, पुन्हा पुन्हा. भिंगरीने माझ्या दांडीवर थाप मारली. दुसरं कौतुक.

आणि मग मोज्याने घात केला. तो खिशातच राहिला आणि पँटबरोबर धुतला गेला. काकूंनी तो इमानदारीत दोरीवर वाळत घातला. काकांनी दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"उद्या गॅरेज," ते म्हणाले. "पुढचा ब्रेक मुळापासून काढून टाकतो. केबल, दांडी, सगळं."

"काका, तो काढलात तर मी गाडी चालवणार नाही."

"नको चालवूस!"

"आणि तो असेल तर तुम्ही चालवू देणार नाही. मग ही गाडी कशासाठी आहे? तुळस लावू का हिच्यात?"

"उलट बोलू नकोस. तुझ्या बापाला काय सांगू मी, पोरगी कोलांट्या घेत गेली म्हणून?"

काकांचा आवाज जरा फाटला. मी त्यांच्यावर चिडलेला होतो, अजूनही आहे, पण तो आवाज मी ऐकला. त्या माणसाला खरंच भीती वाटत होती. फक्त भीतीचा पत्ता चुकला होता.

सकाळी भिंगरीला एका मुख्याध्यापकांची पूर्ण कवळी पोचवायची होती, साच्यासकट, आणि डॉक्टरांचा दवाखाना गॅरेजच्याच वाटेवर होता. काका डबा मांडीवर घेऊन मागे बसले. मला मोजा घातला नव्हता. ज्याला काढूनच टाकायचं, त्याला कपडे कशाला?

"हेल्मेट," काकू दारातून म्हणाल्या.

"मी मागे बसलोय."

"मागे बसणाऱ्याचं डोकं रबराचं असतं का?"

काकांनी हेल्मेट घातलं.

आम्ही मोठ्या उताराला लागलो. पुढे घरसामान भरलेला एक टेम्पो चालला होता, वर दोरीने बांधलेली कपाटं, गाद्या, खुर्च्या. भिंगरी त्याच्यापासून चांगलं अंतर ठेवून होती.

"काय रांगतेस?" काका मागून म्हणाले. "जा की पुढे."

"दोरी ढिली दिसतेय, काका."

तेवढ्यात एक खुर्ची सुटली. हात ठेवायला लाकडी दांडे असलेली, गादीची, भारी खुर्ची. ती टेम्पोवरून निघाली, हवेत एकदा फिरली आणि रस्त्याच्या मधोमध चारही पायांवर उतरली, कुणी पाहुणे यायचे असल्यासारखी. उजवीकडून एक बस येत होती. डावीकडे गटार होतं. वळायला जागाच नव्हती. थांबणं, नाहीतर खुर्ची.

"मागचा लाव!" काका ओरडले. "मागचा!"

भिंगरीची चार बोटं माझ्यावर आली. आवळली नाहीत, मिटली. हळू, मग जास्त. पाय मागच्यावर. हँडल सरळ. दोन माणसं, एक डबा आणि काकांची सगळी वर्षं पुढच्या चाकावर ओणवी झाली आणि मी आतून मिठी मारली. इतक्या वर्षांची राहिलेली सगळी एकदम. मित्रांनो, माझे तळहात पोळले. मी सोडलं नाही.

गाडी थांबली. पुढचं चाक खुर्चीच्या पायाला टेकलं, अगदी ओळख करून घेण्यापुरतं.

काका उतरले. त्यांनी डबा उघडला, आत पाहिलं. "दात आहेत," ते म्हणाले. मग समोर खुर्ची होतीच, म्हणून ते भर रस्त्यात तिच्यात बसले, हेल्मेट घालून, मांडीवर मुख्याध्यापकांचे दात घेऊन.

टेम्पोवाला धावत आला. "लागलं का कुणाला? माफ करा हो. उठता का जरा, खुर्ची न्यायचीय."

"थांब," काका म्हणाले. मग भिंगरीला, "मागचाच लावलास ना?"

"दोन्ही. पुढचा जास्त."

"उलटलो नाही."

"नाही."

"वाळू असती तर?"

"आधीपासून हळू आले असते. आणि हँडल वळवून आवळला नसता."

काकांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "आणि पंखा असता तर?"

"तर टेम्पो बोलावला असता, काका."

टेम्पोवाला म्हणाला, "मी पोचवतो ना पंखा. पण आता उठा, मागे गाड्या हॉर्न मारताहेत."

कवळी पोचली, अखंड. गॅरेजमध्ये मिस्त्री आमची वाटच बघत होता. पाना हातात, जमिनीवर माझ्यासाठी एक भंगाराचा डबा मांडून ठेवलेला. मी त्या डब्याकडे पाहिलं. आत माझ्यासारखे बरेच होते.

"काढतो ना पुढचा?" तो म्हणाला.

काका माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी माझी दांडी एकदा दाबून पाहिली, सोडली, पुन्हा दाबली. "लायनर नवे टाक," ते म्हणाले. "केबल पण."

"पुढच्याला?" मिस्त्री घाबरला. "अहो, तुमचंच ऐकून मी अर्ध्या बाजाराचे पुढचे काढून टाकलेत! हे डब्यातले सगळे तुमच्या नावावर आहेत!"

काकांचा चेहरा उतरला. मी पाहिलं, मित्रांनो, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग ते खाली बसले, डब्यातली एक दांडी उचलली आणि बाहीला पुसली.

"कुणाकुणाचे काढलेस ते सांग," ते म्हणाले. "एकेकाला बोलावू. मला मीच पाडलं म्हणून सांगतो त्यांना. ब्रेकने नाही."

मिस्त्रीने माझे तळहात नवे केले. परतीला काका म्हणाले की घाई काही नाही, तळ्याच्या कडेने जाऊ. तो रस्ता नुसता वळणांचा आहे. पहिल्या वळणाआधी भिंगरीने मला धरलं, वेग उतरवला, सोडलं, नजर वळणाच्या शेवटाकडे नेली आणि गाडी आपणहून कलली, बाळ कुशीवर वळतं तशी. हेल्मेटच्या आत गाणं सुरू झालं.

"हळू!" काका मागून ओरडले.

दुसऱ्या वळणाला तेही गाडीबरोबर कलले. तिसऱ्या वळणाला त्यांनी हात सोडून बाहेर धरले, वारा बोटांतून जाऊ दिला. "दोन्ही हातांनी पकडा, काका!" भिंगरी ओरडली आणि त्यांनी मुकाट्याने पकडलं. रस्ता संपल्यावर ते म्हणाले, "घरी चहा काही पळून जात नाहीये. परत एकदा घे की."

आम्ही परत एकदा घेतला.

तर मित्रांनो, माझी विनंती आहे, आणि ती मी हात जोडून करणार नाही, कारण माझे हात कामात आहेत. मला धरायला शिका. रिकाम्या मैदानात, सरळ रेषेत, हळूहळू बोटं मिटत. माझी केबल सुकू देऊ नका, लायनर झिजले की बदला. मला घाबरून गाडी चालवाल तर प्रत्येक वळणाला जीव मुठीत धरावा लागेल. माझ्याशी दोस्ती कराल तर वळणं मोजायची नाहीत, घ्यायची. आणि कुणी पाना घेऊन मला काढायला आलं तर त्याला सांगा की पुढचा ब्रेक इथेच राहणार आहे, पुढे, उजव्या हाताशी. मागे जायची त्याला सवय नाही.